हौदावरची खडूची रेघ

माझी बायको श्रावणात गेली. त्यानंतर मला घरात बसता येईना. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जायचं ते सुचत नसे. मग मागच्या दारी जायचो. मागच्या दारी तिचा हौद होता, आणि हौद गळत होता.

हौद म्हणजे मोठं तळं नव्हे. जयनगरच्या पलीकडं आमची थर्टी-फॉर्टी साइट, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट. घर बांधून मागं जी पट्टी उरली तिच्यात सात फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल असा मी स्वतः बांधलेला. त्यात एक कमळ आणि सहा लाल मासे. कमळाचा कंद तिनं होसकोट्याच्या तळ्यातून आणला होता. कारखान्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं तिकडं. ही पंगतीतून हात धुऊन उठली ती थेट तळ्यावर गेली, पाण्यात उभ्या असलेल्या कुणा माणसाकडून कंद उपटून घेतला, आणि चिखलानं भरलेल्या शालूनिशी बसमध्ये येऊन बसली. घर येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. माणसं बघत होती, याची मला लाज वाटली. आता वाटते ती वेगळी.

मुलगी पुण्याला असते. संक्रांतीला तिचा फोन आला.

"अप्पा, अजून त्या हौदातच आहात का तुम्ही?"

"मग कुठं असू?"

"हे बघा, आईच्या वर्षश्राद्धाला मी येणारच आहे. तोवर तो धड झाला नाही तर माती टाकून बुजवायचा. डास होतात. आणि वाकून वाकून एक दिवस तुम्हीच पडाल त्यात."

"बुजव," मी म्हणालो. रागात म्हणालो, पण शब्द गेला तो गेला. दुसऱ्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना.

मी तीस वर्षं सरकारी कारखान्यात फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही बेळगावकडच्या खेड्यात. पण गळकी टाकी माझ्यापुढं आणून ठेवा, मी सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पद्धत होती. टाकी भरायची, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारायची, आणि हात मागं बांधून थांबायचं. पाणी जिथवर उतरून थांबेल तिथं भोक. तोवर कुणी पाना उचलला तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडायचो. तीस वर्षं हेच केलं.

आणि घरी काय केलं? पाणी एका दिवसात बोट-दीड बोट उतरलं की मी थयथयाट करून हौद उपसायचो आणि सिमेंट कालवायला घ्यायचो. पहिल्यांदा तळाला सिमेंटचा घोळ ओतला. गळतच राहिलं. मग कोपऱ्यांत डांबर लावलं. दोन दिवस बरं वाटलं, तेही बहुतेक ढगाळ हवा होती म्हणून. तिसऱ्यांदा छिन्नी-हातोडा घेऊन आतला सगळा गिलावा फोडला आणि नव्यानं केला. शेजाऱ्यांची दुपारची झोप आठ दिवस मोडली. हातोडा चालू असला की मला बरं वाटायचं. थांबला की घर ऐकू यायचं.

तोवर कमळ आणि मासे निळ्या ड्रममध्ये, जांभळीच्या सावलीत. नव्या गिलाव्याला दोन दिवस पाणी मारलं आणि तिसऱ्या सकाळी हौद भरून मासे सोडले. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, तीन-चारदा भरून उपसल्याशिवाय त्यात जीव सोडायचा नाही, हे मला माहीत होतं. तरी सोडले. हौदात काहीतरी हलताना दिसायला हवं होतं मला. संध्याकाळी चार मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेले दोन ओंजळीत धरून पळत ड्रमकडं नेले. कमळाला मी हात लावला नव्हता, म्हणून ते वाचलं. आणि पाणी? दुसऱ्या सकाळपर्यंत चार बोटं खाली, आधीपेक्षा जास्तच.

शेजारच्या अक्का कंपाउंडवरून सगळं बघत होत्या. वीस वर्षांचा शेजार. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी त्यांच्याशी अर्धं-अर्धं बोलतो.

"कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं आणि तुम्ही ते जमिनीला पाजता होय?" त्या म्हणाल्या.

"मी पाजत नाही. जातं."

"जातं कुठं ते माझ्या केळीला विचारा. असा घड मी माहेरीसुद्धा बघितला नाही."

मला वाटलं, टोमणा आहे. टोमणाच होता. पण खरी गोष्ट होती आणि मी ती घेतली नाही.

पाडव्यानंतर एका मेस्त्री अण्णाला बोलावलं. तो सायकल भिंतीला लावून आला, हौदाभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसला.

"कुठं गळतंय, सार?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. मग मी लावू काय आणि कुठं? पाणी भरून ठेवा. जिथं उतरून थांबेल तिथं मला बोलवा." सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "स्वल्प थांबा, सार. गडबड नको."

माझी पद्धत मलाच शिकवून गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाण्याच्या दिवशी हौद काठोकाठ भरला. खडू शोधायला तिचा शिवणाचा डबा उघडावा लागला. कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू होता. रेघ मारली. उन्हानं किती जातं ते कळावं म्हणून शेजारी एक बादली भरून ठेवली, तिच्यावरही रेघ. आणि कपडे धुवायच्या दगडावर बसलो. ती संध्याकाळी तिथंच बसायची.

बसवेना. उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. पाच मिनिटांत पाणी उतरत नाही हे मला कळतं, तरी पाच मिनिटांनी बघितलं. पहिल्या दिवशी चार बोटं. दुसऱ्या दिवशी चार. हात शिवशिवायला लागले, छिन्नी उचलून माळ्यावर ठेवली. चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस झाला आणि पाणी पुन्हा दोन बोटं चढलं. मी आभाळाला शिवी दिली. मग हौदावर पत्रे टाकले आणि रोज सकाळी पाण्याशी नवी रेघ मारायला लागलो. आठव्या दिवसापासून उतरणं हळू झालं, तीन बोटं, दोन, एक. अकरा दिवस झाले. बाराव्या सकाळी पाणी आदल्या सकाळच्या रेघेवरच होतं. बादलीच्या हिशेबानं उन्हानं नेलं तेवढंच कमी.

ते थांबलं होतं तळापासून वीतभर वर. हौदातलं पाणी बाहेर सोडायच्या पाइपाच्या बरोबर खालच्या कडेला.

त्या पाइपाकडं मी एकदाही संशयानं बघितलं नव्हतं. मीच बसवलेला. बाहेरच्या टोकाची तोटी कोरडी ठणठणीत. पण पाइप हौदाच्या भिंतीतून निघून मातीखालून कंपाउंडकडं जातो, आणि पाणी तोटीतून नाही, पाइपाच्या अंगावरून जात होतं. सिमेंट आणि लोखंडाच्या मधल्या फटीतून, मातीत, आणि पुढं अक्कांच्या केळीला.

मी तिथंच बसून राहिलो. हौद बांधला तो रविवार आठवला. कारखान्यातले दोघं मदतीला आले होते. कागदावर एक रेघ न काढता आम्ही विटा लावायला घेतल्या. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, पाणी बाहेर कसं काढायचं?"

मी म्हणालो, "हौद पाणी ठेवायला बांधतात, काढायला नाही."

ते दोघं हसले. ती कपबशा घेऊन आत गेली. पुढं सहा वर्षं घाण पाणी तिनं बादलीनं उपसलं. मी रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा ती उपसता उपसता कंबर धरून उभी राहिलेली दिसली. मग एका दुपारी भिंतीला भोक पाडलं, पाइप खुपसला, भोवती सिमेंट थापलं. संध्याकाळी ऐटीत म्हणालो, "घे, काढ पाणी." तिनं तोटी उघडली आणि नुसती हसली.

"सापडलं का?" कंपाउंडवरून अक्कांनी विचारलं.

"सापडलं. पाइपाजवळ. ही गेल्यावर सुटलं असणार."

"काय सांगता! तुमच्या मिसेस रोज सकाळी चार कळश्या घालायच्या त्यात. तीन वर्षं. तुम्ही अंघोळीला गेलात की."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, सांगितलं तर ते लगेच भिंत फोडायला घेतील, आणि मग मासे कुठं ठेवू?"

म्हणजे हौद तिच्या मागं गळायला लागला नव्हता. गळतच होता, आणि ती भरत होती. नंतर माझ्या हातोड्यानं फट मोठी झाली, एवढंच.

त्या दिवशी मी हातोडा घेतला नाही. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून टेबलाशी बसलो आणि पेन्सिलीनं हौद काढला. आधी काय, मग काय, मध्ये किती दिवस थांबायचं. एका वेल्डिंगच्या दुकानात जाऊन नव्या पाइपाच्या मधोमध चौकोनी पत्रा वेल्ड करून आणला, भिंतीच्या पोटात येईल असा, म्हणजे पाइपाच्या अंगावरून निघालेल्या पाण्याला वाट नाही. कारखान्यात अशी शंभर कामं केली होती. मेस्त्री अण्णानं भिंत उकरली, पाइप बसवला. मग चौदा दिवस मी फक्त पाणी मारलं. नंतर पुन्हा बारा दिवस रेघ. उन्हानं नेलं तेवढं सोडून पाणी रेघेवरून हललं नाही.

मुलगी आली तेव्हा हौदात चुना उतरायला भरलेलं तिसरं पाणी होतं. पिशवी खाली न ठेवता ती मागच्या दारी गेली.

"नुसतं पाणीच आहे की. कमळ कुठाय?"

"ड्रममध्ये. अजून एकदा बदलायचं आहे पाणी."

"मग आजच बदलू. श्राद्धाच्या आधी कमळ आत जाऊ दे."

"नाही. रविवारी. कॅलेंडरच्या पानावर लिहिलंय."

तिनं पिशवी खाली ठेवली. "अप्पा, तुम्ही थांबणार?"

मग मी तिला चार कळश्यांचं सांगितलं. ती दगडावर बसली, बराच वेळ उठली नाही. मी मात्र तेवढ्यात तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. ते काही सुटलेलं नाही.

रविवारी तोटी तिनं उघडली, जुनं पाणी सोडून हौद पुन्हा भरला. संध्याकाळी तिनंच कंद चिखलाच्या कुंडीत घालून तळाला ठेवला, दोन मासे सोडले, आणि निळ्या खडूनं स्वतः रेघ मारली. बुजवायचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

आता रविवारी पुण्याहून फोन येतो. तब्येत, गोळ्या, जेवण, सगळं नंतर. आधी विचारते, "पाणी कुठाय, अप्पा?"

"थांब, बघून येतो," म्हणतो मी, आणि रिसीव्हर बाजूला ठेवून मागच्या दारी जातो. सकाळी बघितलेलं असतं, तरी जातो.