आईने पाहिलेला माझा कान

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. फुलंब्रीला आमच्या घरात त्याचं कुणाला विशेष वाटत नसे, कारण थोरल्या बहिणीचाही कान वाहायचा. आई पळीत तेल गरम करून त्यात लसणाची पाकळी करपवायची, ते कोमट झालं की आमच्या कानात सोडायची, वर कापसाचा बोळा लावायची. वाहणं थांबलं की कान बरा झाला असं आम्ही धरून चालायचो.

बहीण नववीत असताना गेली. आधी कानामागं सूज आली. मग ताप, उलट्या, डोकं गच्च धरून रडणं. शहरात नेईपर्यंत ती कुणाला ओळखेनाशी झाली होती. ताप मेंदूत गेला, एवढंच आम्हाला कळलं. कानाचा आणि त्याचा संबंध कुणी लावला नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन शहरात उस्मानपुऱ्यात राहायला आले. कानाला वास यायचा, म्हणून स्टाफरूममध्ये मी भिंतीलगतची खुर्ची धरून बसायचे. गेल्या हिवाळ्यात शिकवता शिकवता अख्खा वर्ग गरगरला आणि मी टेबलाला धरून खाली बसले. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आई तेव्हा आमच्याकडे होती. तीही सोबत आली.

डॉक्टरीणबाईंनी कानात बारीक दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर माझा कान मोठा होऊन दिसू लागला.

"सारखी सूज राहून आतलं अस्तर जाड झालंय," त्या म्हणाल्या. "हा लाल गोळा म्हणजे वाढलेलं मांस. आणि हे पांढरं दिसतंय ना, ती कातडी आहे. कानाच्या पडद्याच्या बाहेर असायची, ती आत वाढत गेलीय. ती हाड खाते. ऐकू येण्यासाठी आत तीन बारीक हाडं असतात, त्यातलं मधलं जवळजवळ संपलंय."

मी ऑपरेशनचं विचारणार, तेवढ्यात मागून आई बोलली.

"बाई, ह्ये डोक्यात जातं का?"

"जाऊ शकतं आजी. कानाच्या वर पातळ हाड असतं, त्याच्या पलीकडं मेंदूच."

"आन् कानामागं सूज येती?"

"येते ना. का, कुणाला झालं होतं?"

आईने पदर तोंडाला लावला. मग मीच बहिणीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण बाजूला ठेवली. "बहुतेक हेच असणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

घरी आल्यावर आई पलंगावर बसली आणि म्हणाली, "म्या तेलच घालत बसले गं."

"आई, तेलानं नाही झालं ते. आत कातडी वाढत होती."

"व्हय. पर दवाखान्यात न्यायची सोडून म्या तेलच घालत बसले."

ती म्हणत होती ते खरंच होतं.

माझं ऑपरेशन झालं. कानामागून हाड कोरून सगळं काढलं. चक्कर थांबली, वास गेला. त्या कानाने ऐकू येणं मात्र परत आलं नाही, आणि चवीची एक नस कानातूनच जाते म्हणून जिभेच्या डाव्या बाजूला अजून पत्रा चाटल्यासारखी चव येते. कान आता जन्मभर अधूनमधून साफ करून घ्यावा लागणार आहे.

आई फुलंब्रीला परत गेली. पूर्वी ती बहिणीच्या गोष्टी आपणहून सांगायची: तिची दोन वेण्यांची हौस, शाळेतल्या नाटकात ती राणी झाली होती ते. आता विषय निघाला की उठून कामाला लागते. मागच्या खेपेला मी मुद्दाम म्हटलं, "तिला गवारीच्या शेंगा लई आवडायच्या ना गं?"

"व्हय," आई म्हणाली, आणि खाली बघून मेथी निवडत राहिली.