दारूबंदीवाल्यांनी वसवलेलं शहर

१४ सप्टेंबर. हळदीची पुडी तीन पिशव्यांत गुंडाळून बॅगेत कोंबत होते. फोनवर लेक ज्योती म्हणाली, "आई, डाळ आणू नको. मसूर इथूनच तुमच्याकडं येऊन राहिली." डाळ काढली, त्या जागी कुरडया घातल्या.

कॅनडा बघायची मला फार हौस नव्हती. पण ज्योतीचं सस्काटून शहर दारूबंदीवाल्यांनी वसवलेलं, हे ऐकून कान टवकारले. गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यातलं देशी दारूचं दुकान उठवायला आम्ही बायकांनी मतदान मागितलं आहे. दिवाळीनंतर ते होईल. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. शेजारची कांताबाई निघताना म्हणाली, "त्यांनी कसं जमवलं ते बराबर विचारून ये. नुसते फोटू काढत बसू नको."

विमानातून खाली पाहिलं तर जमीन पट्टीनं आखलेली. डोंगर नाही, टेकाड नाही. या सपाट गवताळ मुलखाला प्रेअरी म्हणतात. मधून एक रुंद नदी आणि तिच्यावर पूलच पूल.

पहिल्याच संध्याकाळी चौकात दारूचं दुकान दिसलं. आमच्या बँकेपेक्षा मोठं, सगळं काचेचं.

"ज्योते, हेच का तुझं दारूबंदीचं गाव?"

"आई, ते जुनं झालं."

"मग आधी काहून नाही सांगितलंस?"

"तू आली नसतीस."

सस्काटून हे मुळात एका रानफळाचं नाव, क्री (इथले मूळचे लोक) भाषेतून आलेलं. वाटाण्याएवढी जांभळी फळं. त्यांचा पाय (पिठाच्या पारीत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) खायला घेतला, तर तो पुरण जास्त झालेल्या पोळीसारखा फुटला. पदर जांभळा झाला.

तसाच पदर खोचून संग्रहालयात गेले. माहिती सांगायला सत्तरीच्या मार्गारेटबाई होत्या. ज्योतीला मध्ये घालून विचारलं, "तुमची दारूबंदी मोडली कशी?"

त्या हसल्या. "दारूबंदीवाल्यांना सलग जमीन मिळालीच नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी मिळाली. एक चौकोन यांचा, शेजारचा दुसऱ्याचा. इकडं शपथ, तिकडं बाटली. मग रेल्वे आली, माणसं वाढली." पुढं म्हणाल्या, "आणि आधी सगळेच चौकोन क्री आणि इतर लोकांचे होते. ते सांगायला आम्ही फार उशीर केला."

आमच्या मतदानाचं ऐकून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या शेजारी कोण आहे?"

शेजारी ओढा. ओढ्यापलीकडं दुसरं गाव आणि तिथं रस्त्यालगत चोरून दारू विकणारा ढाबा. आमचं दुकान उठलं, तर गिऱ्हाईक चपला हातात घेऊन ओढा ओलांडेल. एवढ्या बैठका घेतल्या, पण ढाब्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

पुढचे दिवस मी नदीकाठी भरपूर चालले. अनोळखी माणसंही हसून बोलत. शहर चांगलं आहे, थंडी वाईट आहे.

परतले, तर जीपमधून उतरताच कांताबाई समोर. "जमवलं का त्यांनी?"

"नाही जमलं."

"मग एवढी तकलीफ कशाला घेतली?"

तिला पट समजावला. ती म्हणाली, "म्हणजे आपण अर्धंच दार लावून राहिलो." लोक परदेशातून यशाच्या गोष्टी आणतात. मी एक फसलेली आणली, पण कामाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओढा ओलांडून गेलो. पहिल्याच अंगणात एक बाई सोयाबीन वाळत घालत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आलात का? तुमचं दुकान बंद झालं की सगळे इकडंच येतील, म्हणून आमी घाबरून राहिलो. तुमाला आमची आठवण कवा येते, तेच बघत होतो."

चपला काढल्या आणि तिच्या ओट्यावर बसलो.