कांता सिस्टरांचे ‘अहो’

वर्ध्याच्या एका इस्पितळातील हृदयरोग विभागात कांता सिस्टरांचा शब्द सहसा खाली पडत नसे. नवखे डॉक्टरदेखील त्यांना पाहून ॲप्रनची बटणे लावीत. शिस्तीच्या अशा भोक्त्या बाईंना एकच नियम जड गेला, आणि नेमका तोच परीक्षेत होता.

कोणाचे हृदय अचानक थांबले, की धावून जाणाऱ्या पथकाच्या त्या प्रमुख. त्याचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवे करावे लागे. पथकाचा दंडक असा, की आज्ञा एकाच माणसाला, त्याचे नाव घेऊन द्यायची. त्याने ती मोठ्याने परत उच्चारायची. यंदा छाती दाबण्याच्या कामावर दुसऱ्या विभागातून बदलून आले ते सेवक श्रावण, म्हणजे साक्षात सिस्टरांचे यजमान. लग्नापासून सिस्टरांनी त्यांचे नाव उच्चारले नव्हते. श्रावण महिन्यालासुद्धा त्या ‘आखाडीनंतरचा महिना’ म्हणत. ‘कांता श्रावण’ असे छापलेले ओळखपत्र गळ्यात घालायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती नाव तोंडात घ्यायला.

सरावाच्या दिवशी पलंगावर पुतळा ठेवला गेला. सिस्टर गरजल्या, “अहो, छाती दाबा!”

श्रावणराव आणि पथकातले प्रफुल व रोशन असे तिघेही पुढे सरसावले. मग एकमेकांना मान देत तिघेही मागे सरले. पुतळा दगावला.

परीक्षक डॉ. चारुता सिस्टरांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारले, “सिस्टर, ‘अहो’ म्हणजे कोण?”

“हे.”

“हे म्हणजे?”

“आमच्या घरचे.”

“मॅडम, उखान्यात घेऊ द्या ना त्याईले,” रोशनने सुचवले.

“उखाणा जुळेपर्यंत पेशंट थांबत नाही,” डॉ. चारुता म्हणाल्या. “उद्या दुपारी पुन्हा परीक्षा. उद्याही असंच झालं, तर पथक दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल, सिस्टर.”

सिस्टरांना त्या दिवशी घास गोड लागला नाही. पथक हाच त्यांच्या नोकरीचा मान होता.

“घे ना नाव. मी काई झिजतो का?” श्रावणराव म्हणाले.

“तुम्ही चूप राहा जी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी आलेले दत्तोपंत नावाचे निवृत्त मास्तर बाकावरून घसरले ते थेट जमिनीवर. श्वास नाही, नाडी नाही. पथक धावले. डॉक्टर अजून जिन्यात होते.

“श्रावण! छाती दाब!”

नाव एकेरी, क्रियापदही एकेरी. श्रावणरावांनी आधी गुडघे टेकले आणि चकित मागाहून झाले.

“दाबतो जी!”

यंत्राच्या पडद्यावर हृदयाची नुसती थरथर दिसत होती. “प्रफुल, शॉक चार्ज कर.”

“चार्ज केला!”

“सगळे दूर! शॉक दे!” शॉक बसला. “रोशन, आता तू दाब. श्रावण, हट बाजूले!”

“हटलो जी!”

थोड्या वेळाने मास्तरांची नाडी लागली आणि ते कण्हले. डॉक्टर पोहोचले, तेव्हा त्यांना केवळ शाबासकीचे काम उरले होते.

दुपारी परीक्षा झाली. पुतळा तोच, पलंग तोच.

“अहो, छाती दाबा!” सिस्टर म्हणाल्या.

डॉ. चारुतांनी कपाळाला हात लावला. “सिस्टर! सकाळी तर नाव घेतलंत म्हणे!”

“सकाळी मानूस मरून राह्यला होता, मॅडम. पुतळ्यासाठी कोनी नवऱ्याचं नाव घेते का?”

डॉ. चारुतांनी श्रावणरावांना बाहेर बसवले आणि परीक्षा नव्याने घेतली. प्रफुल आणि रोशन यांची नावे खणखणीत उच्चारली गेली. सिस्टर निर्दोष उत्तीर्ण झाल्या.

बाहेर श्रावणराव फुरंगटून बसले होते. “मले काऊन काढलं? मी काय चुकलो?”

“पथक राह्यलं आपल्याकडेच. चला, डबा खाऊ.”

ते हलले नाहीत. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “सकाळी म्हटलं होतं, तसं म्हन ना एक डाव.”

सिस्टरांनी त्यांचे मनगट धरले, घड्याळाकडे पाहत नाडी नीट मोजली आणि हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

“गरज नाई,” त्या म्हणाल्या. “उठा.”