कोपरापासून बोटांपर्यंत

रुग्णालयातल्या नर्सेस तिला खुणावाली म्हणायच्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण काम तेच होतं. बहिरा माणूस दवाखान्यात, कोर्टात, पासपोर्टच्या ऑफिसात किंवा पोराच्या शाळेत आला, की समोरच्याचं बोलणं त्याला हातांनी सांगायचं आणि त्याच्या हातांचं बोलणं समोरच्याला तोंडानं. अकरा वर्षं ती हे करत होती. वय चौतीस, पण खांदे पन्नाशीतल्या बाईचे झाले होते. सकाळी केस विंचरताना उजवा हात वर जायला कुरकुरायचा.

या कामाचा एक नियम आहे. दुभाषीनं ‘हे असं म्हणतायत’ म्हणायचं नाही. समोरचा जे बोलेल ते ‘मी’ म्हणूनच बोलायचं. त्यामुळे सकाळी दहाला ती म्हणायची, माझ्या पोटात तीन दिवस दुखतंय. साडेबाराला कोर्टात म्हणायची, मी त्याला ढकललं नाही, तो स्वतःच पडला. चारला एखाद्या शाळेत बसून विचारायची, माझा मुलगा गणितात इतका कच्चा राहिलाच कसा. स्वतःचं म्हणून तिथे काही बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. घरी पोचेपर्यंत एवढे ‘मी’ होऊन गेलेले असायचे, की चहा टाकायचा की नाही हे ठरवायचाही कंटाळा यायचा.

खुणा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांना कोणी मूकबधिर म्हटलं की ती वैतागायची. बधिर ठीक आहे, पण मूक कुठले, आमच्या घरी त्या दोघांच्या बडबडीत मला हात घालायला जागा मिळायची नाही, असं सांगायची. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. वडील छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे, आणि कागद कापायच्या धडधडत्या यंत्राशेजारची जागा कायम त्यांना मिळायची. बाकी कोणाला ती नको असायची.

बहिऱ्या माणसांत नाव अक्षरं जुळवून घेत नाहीत. जवळची माणसं एक खूण ठरवतात, तेच नाव. तिचं नाव वडिलांनी ठेवलं होतं. तान्ही असताना ती त्यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या खळगीत डोकं टेकूनच झोपायची. खाली ठेवलं की तोंड वेडंवाकडं करायची. दोन्ही हातांनी बोलणाऱ्या माणसाचा एक हात असा तासन्‌तास अडकला, की त्याचं अर्धं बोलणंच बंद. हिनं माझी अर्धी जीभ धरून ठेवलीय, असं त्यांनी एका दोस्ताला सांगितलं, आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं: उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराच्या खळगीत दोनदा टेकवायचं. कागदावरचं नाव शाळेपुरतं, बँकेपुरतं.

गेल्या वर्षी वडील गेले. आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, की दुसरी कोणी दुभाषी मिळेल का. दुसरी होती, पण तिचं बाळंतपण सुरू होतं. मग डॉक्टर बोलत गेले, आणि ऑपरेशनचा आता उपयोग नाही, फार तर तीन महिने, हे तिच्या हातांनी वडिलांना सांगितलं. वडिलांनी एवढंच विचारलं, की तुझ्या आईला कोण सांगणार. तेही तिनंच सांगितलं.

त्यानंतर केव्हातरी टॅटूचं तिच्या मनात आलं. आधी कधीच आलं नव्हतं. बरोबरीच्या मैत्रिणींनी कॉलेजात फुलपाखरं काढून घेतली तेव्हा ती हसली होती. आता वाटायला लागलं, की हे हात रोज परक्यांचं बोलतात, त्यांच्यावर एक तरी गोष्ट आपली असावी. मोठं काही नको. वडिलांचं बोट जिथे टेकायचं तिथे एक ठिपका.

आणि नेमकी त्याच महिन्यात जाहिरात आली. दूरचित्रवाणी केंद्राला बातम्यांसाठी खुणांची दुभाषी हवी होती. कायमची नोकरी, ठरलेली वेळ, आजारपणाची रजा. वयाची अट पस्तीस, म्हणजे तिच्यासाठी ही शेवटचीच संधी. खाली अटींमध्ये लिहिलं होतं: उमेदवाराच्या हातांवर कोपरापासून बोटांपर्यंत टॅटू, दागिने, नेलपॉलिश वा ठळक डाग नसावेत. अटीत वावगं काही नव्हतं. बघणाऱ्याची नजर हातांवरच असते, आणि तिथे काही दिसलं की ती तिकडेच जाते. नव्या मुलींना हे तिनं स्वतः शिकवलं होतं.

तरी तिनं केंद्रात फोन लावला. कोपरापासून म्हणजे कोपर धरून की कोपर सोडून, असं विचारलं. पलीकडच्या कारकुनानं प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, असं याआधी कोणी विचारलेलं नाही, लेखी विचारा. तिनं लेखी विचारलं. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की नियम पुरेसा स्पष्ट आहे.

मधल्या काळात ती एका टॅटूवालीकडे जाऊन आली. ही बाई आधी दुकानांच्या पाट्या रंगवायची. धंदा बसल्यावर याच्यात शिरली होती. खोली छोटी, पांढरी, दवाखान्यासारखी स्वच्छ. टॅटूवालीनं कौतुकानं वही उघडली. पिसं, लाटा, उडते पक्षी, एकमेकांत गुंतलेले हात. खुणावालीनं सगळं बघितलं आणि म्हणाली, एक ठिपका पुरे.

“एवढाच? लोक तीळ समजतील,” टॅटूवाली म्हणाली.

तीळ चालणार होता. तिळाविरुद्ध नियम नव्हता. परतताना बसमध्ये तिला या कल्पनेचं हसू आलं, मग ते ओसरलं. अर्जात एक रकाना होता, टॅटू आहे किंवा नाही. तिथे खोटं लिहायचं, आणि मग निवृत्त होईपर्यंत रोज कॅमेऱ्यासमोर ते सांभाळायचं. ते आणखी एक कामच झालं असतं. टॅटूवालीनं खांद्यावर, पाठीवर, घोट्यावर जागा सुचवल्या होत्या. पण तिचं नाव काही घोट्यावर नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं आईला सांगितलं. आई उशांचे अभ्रे दुरुस्त करत बसली होती. तिनं सुई टोचून ठेवली, म्हणजे हात मोकळे. मुलीनं बाही वर करून जागा दाखवली. आईनं मान हलवली. त्याचं बोट इथे नाही, जरा वर टेकायचं. मुलगी म्हणाली, नाही, इथेच. दोघींची बराच वेळ हुज्जत चालली, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावरून. मग आई थांबली आणि मुलीचा हात धरून तिनं तो बाजूला केला.

“तू तुझा हात का दाखवतेस?” आईनं खुणेनं विचारलं. “ती जागा तुझ्या हातावर नव्हतीच. त्याच्या हातावर होती.”

मुलीनं बाही खाली केली.

“त्याच्या एकूण एक शर्टाला तिथे पुस्तकं चिकटवायच्या खळीचा डाग असायचा,” आई म्हणाली. “कामावरून आल्या आल्या हात न धुता तुला हाक मारायचा. मी घासून घासून थकले. गेला नाही तो डाग कधी.”

इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं वडिलांनी तिला हाक मारली ती स्वतःच्या हातावर. तिच्या कोपराला त्यांचं बोट हाकेसाठी कधी लागलंच नव्हतं. आणि तो हात आता नव्हता. ती आत जाऊन आडवी झाली. जरा वेळानं आई दारात आली आणि तिनं रोखठोक सांगून टाकलं, की आधी नोकरी बघ, ठिपका साठाव्या वर्षीही काढता येतो. बहिरी माणसं बोलताना आडपडदा ठेवत नाहीत. आईला तो कधीच जमला नव्हता.

तिनं अर्ज भरला. टॅटूच्या रकान्यात नाही लिहिलं, आणि ते खरं होतं. परीक्षा एका थंडगार स्टुडिओत झाली. तोंडावर दिवे, कानात बातम्या वाचणाऱ्याचा आवाज. अर्धा तास तिनं पूर, निवडणूक, व्याजदर आणि फुटबॉल हातांवरून पुढे सरकवले. व्याजदरात एका आकड्याला चुकली, ते तिचं तिलाच कळलं. निकालाला दोन महिने लागतील असं सांगितलं. ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रुग्णालयात.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्यासाठी तिला बोलावलं. घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा राहणारा, छाती कफानं भरलेली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. फुप्फुसाच्या फोटोवर पेनानं गोल काढून त्यानं जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं. तिनं तेवढ्याच चार वाक्यांत हातांनी सांगितलं. काहीही कमी केलं नाही, काही मऊ केलं नाही. ते तिच्या हातात नसतं. म्हाताऱ्यानं दोन प्रश्न विचारले, औषधानं झोप येईल का आणि दुकान किती दिवस उघडता येईल. डॉक्टरनं उत्तरं दिली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

तिनं पिशवी उचलली. म्हाताऱ्यानं हात हलवून तिला थांबवलं. तुझं नाव काय, असं त्यानं विचारलं. नियमानं तिनं नुसतं हसून निघायला हवं होतं. तिनं बोट डाव्या कोपराच्या खळगीत दोनदा टेकवलं. बहिरी माणसं नवं नाव बरोबर समजलं ना, हे एकदा स्वतः करून बघतात. म्हाताऱ्याच्या डाव्या कोपरात सलाइनची सुई होती, चिकटपट्टीनं घट्ट लावलेली. त्यानं सुईच्या शेजारी जागा शोधली आणि अगदी हलक्या बोटानं तिथे दोनदा टेकवलं.

“जेवलीस का?” त्यानं विचारलं.

ती जेवली नव्हती. तसं तिनं सांगितलं. मग जा, जेव, म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

ती जिन्यात जरा वेळ उभी राहिली. त्या दिवसात, कदाचित त्या महिन्यातच, कोणीतरी फक्त तिला काही विचारलं होतं. वडिलांच्या हातावरची जागा गेली ती गेलीच. पण नाव विचारलं तर सांगायला तिचा स्वतःचा हात होता, आणि आपलं नाव सांगताना बोट तिथेच टेकायचं. तिनं कॅन्टीनमध्ये उभ्यानं एक सँडविच खाल्लं आणि तडक टॅटूवालीची खोली गाठली.

टॅटूवालीनं दोनदा बजावलं, की तिथली कातडी पातळ असते, सारखी दुमडते, शाई पसरेल, कडा धूसर होतील. होऊ देत, ती म्हणाली. काम दहा मिनिटांत आटपलं. रक्त काढताना दुखतं त्यापेक्षा जास्त दुखलं नाही. घरी आईनं चष्मा लावून बघितलं, अंगठा जिभेला लावून ठिपका पुसून पाहिला आणि म्हणाली, “थोडा वर हवा होता.”

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्राला पत्र लिहिलं. परीक्षेनंतर डाव्या कोपराच्या आत तिळाएवढा ठिपका गोंदवून घेतला आहे, निर्णयासाठी कळवते. बाळंतपणाहून परतलेली दुसरी दुभाषी कपाळावर हात मारून म्हणाली, की कोणी विचारलं नसताना कशाला सांगायला गेलीस, तीळ म्हणून सहज खपलं असतं. खुणावाली म्हणाली, मला लपवायचा कंटाळा आलाय.

निकालात तिचं नाव प्रतीक्षायादीत लागलं, दुसरं. ते पत्रामुळे की त्या चुकलेल्या आकड्यामुळे, हे कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पाच महिने ती पुन्हा पोटदुखी आणि भांडणं सांगत राहिली. मग निवड झालेली मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली आणि यादीतल्या पहिल्या उमेदवारानं नकार दिला. केंद्रानं तिला बोलावलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि तीन बहिऱ्या परीक्षकांना पडद्यावर बघायला बसवलं. एकाला ठिपका दिसला, दोघांना नाही. बाही कोपराखाली चार बोटं आली पाहिजे, अशी अट लेखी घालून त्यांनी तिला घेतलं.

आता ती सकाळच्या बातम्या सांगते. पडद्याच्या कोपऱ्यात बशीएवढ्या गोलात, काळ्या लांब बाह्यांत. उठायचं साडेचारला. खांदे दुखतात ते दुखतातच. पण बातम्यांमध्ये ‘मी’ म्हणावं लागत नाही, आणि समोर कोणी खाटेवर पडलेलं नसतं. रुग्णालयात आता दुसरी दुभाषी एकटीच पळते. तिचे थकलेले निरोप आले, की हिला अपराधी वाटतं, तरी ही सुट्टीच्या रविवारीही तिकडे जात नाही.

आई रोज टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसते आणि ही घरी आल्यावर हिशेब मागावा तशा चुका काढते. परवा ती दार उघडून आत आली, तर आई वाटच बघत होती. पुराची बातमी सांगताना तू जांभई दाबलीस, मला दिसलं, आई म्हणाली. ती हो म्हणाली, पायातले बूट काढले आणि कपडे न बदलताच दुपारपर्यंत झोपली.