कोकरामागं एक फूल

साल दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो, निदान आधार कार्डावर तरी. त्या फाल्गुनात भूम-वाशीकडच्या एक बाई आमच्या वस्तीवरची अंगणवाडी चालवायला आल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना लांबून बघितलं आणि सुनेला म्हणालो, "ह्या बाईनं कुणाच्या रानातला हरभरा उपटलाय बघ." कारण त्यांनी पदराची ओटी खोचली होती आणि ती पुढं ही एवढी फुगली होती.

हरभरा नव्हता. संध्याकाळी माझी नात सखू घरी आली, तेव्हा कळलं की ओटीत पळसाची फुलं होती, चिंचोके होते, सावरीची बोंडं होती. बाई येताना वाटेवर जे पडलेलं दिसेल ते वेचत यायच्या. सगळी वस्ती त्यांना ओटीवाल्या बाई म्हणू लागली. त्यांना राग नव्हता. "रिकाम्या हातानं पोरांपुढं कसं जावं?" म्हणायच्या.

त्यांच्याकडं चित्रांचं एक पुस्तक होतं. वसंत ऋतूत पोरांनी काय काय मोजावं, ते त्यात काढलेलं. पण ते कुठल्या मुलखाचं होतं देव जाणे. बर्फातनं वर आलेलं एक फूल, दोन ससे, तीन पिवळी पिल्लं. सखू मला सांगायची, "आबा, तिथं सगळीकडं मीठ सांडलंय." बाई पानं दाखवून झाली की पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "हा त्यांचा वसंत. आता आपला हुडकू या." मग सगळी पलटण माळावर. लिंबाच्या मोहराची डहाळी एक, वारुळं दोन, सुगरणीचे जुने खोपे तीन. एकदा कोकीळ ओरडला, पण दिसेना. न दिसलेला पक्षी मोजायचा का, ह्यावर पोरांचं असं भांडण जुंपलं की मी मेंढरं सोडून ऐकत उभा राहिलो.

"आकडा आधी हातात यावा, मग तोंडात," हे बाईंचं ठरलेलं बोलणं. मला ते पटायचं न्हाय. खरं सांगायचं तर मोजणीचंच मला वावडं. त्याला कारण आहे.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. किती मेंढरं, असं कुणी विचारलं तर माझा बाप म्हणायचा, "हायती." मीही तेच म्हणतो. मी दुसरीत असताना मास्तरांनी विचारलं, "तुझ्या बापाची मेंढरं किती?" मी म्हणालो, "हायती." त्यांना वाटलं, पोरगं टिंगल करतंय. हातावर छड्या ओढल्या. मी आकडा सांगितला न्हाय. दप्तर तिथंच ठेवलं आणि घरी आलो, ते पुन्हा गेलोच न्हाय. त्याचा मला पश्चात्ताप नव्हता. आजही न्हाय.

तर एका सकाळी बाई पोरांना घेऊन थेट माझ्या वाघुरापाशी. वाघूर म्हणजे आमचा जाळीचा वाडा. आया चरायला गेल्या की कोकरं दिवसभर त्यात असतात. पोरं जाळीला चिकटली. एकानं बोट दाखवत सुरू केलं, "एक, दोन..."

मी काठी आपटली. "बाई, हितं मोजायचं न्हाय! मोजायचं असंल तर माझी नात बी उद्यापासनं येणार न्हाय तुमच्याकडं."

सखूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिचं ताट ओढून घेतलं. मी मान फिरवली. बोललेला शब्द मागं घ्यायची मला सवय न्हाय.

दुसऱ्या कुणी मला अडाणी म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "बरं आबा, मोजत न्हाय. नुसतं फूल खाऊ घातलं तर चालंल का?"

"फुलाला कोण नको म्हणतंय?"

मग त्यांनी ओटी सोडली. प्रत्येक पोरानं एक कोकरू आपलं मानायचं आणि त्याला एक पळसाचं फूल द्यायचं. वर काही कोकरं उरली, ती बाईंची. कुणी आकडा काढला न्हाय. मी आडकाठी घालायला जागाच शोधत होतो, पण सापडेना. सखूनं कपाळावर पांढरा ठिपका असलेलं कोकरू घेतलं आणि त्याचं नाव टिकली ठेवलं. तिची अंगणवाडी वाचली.

रोज दहा वाजता पलटण यायची, फुलं द्यायची, जायची. आठवडा असा गेला. एक दिवस सगळ्यांची फुलं देऊन झाली आणि सखू हातात फूल घेऊन तशीच उभी.

"आबा, टिकली न्हाय."

"असंल. आईमागं दडलं असंल."

"आया तर रानात गेल्या."

मला झोंबलं. "ए, मला शिकवती व्हय? सकाळीच समदी बघितल्यात म्या. साठ वर्षं मेंढरं राखतोय, माझं कोकरू मला कळत न्हाय?"

बाई काही वाद घालीनात. एवढंच म्हणाल्या, "आबा, फूल अजून तिच्या हातात हाय."

मी त्या फुलाकडं बघत राहिलो. मग जाळी धरून कडेकडेनं चाललो. मागच्या अंगाला एक फास उसवला होता, कोकराएवढा. पुढं बांधाला बाभळीच्या काट्यांची कुपाटी होती. टिकली त्यात मान अडकवून बसली होती, ओरडून ओरडून आवाज गेलेला. चार हातांवर एक कुत्रं जीभ काढून वाट बघत होतं. मी काठी फेकून मारली. टिकलीची आई संध्याकाळी आली असती, तिनं हंबरडा फोडला असता, तेव्हा मला कळलं असतं. तोवर काय उरलं असतं?

काटे काढताना माझे हात रक्ताळले. सखूनं मात्र आधी फूल दिलं, मग रडली.

उपकार मानायला माझी जीभ वळत न्हाय. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळसाखालची ताजी फुलं वेचली आणि वाघुराशेजारी घोंगडीवर ढीग घालून ठेवला. बाई आल्या, ढीग बघितला, माझ्याकडं बघितलं. "आज ओटी हलकी राहिली म्हणायची," एवढंच बोलल्या. मास्तरांनी जे छडीनं विचारलं होतं, ते बाईंनी मला कधीच विचारलं न्हाय. आणि माझ्या वाड्याची खबर मात्र त्यांना माझ्याआधी होती.

सखू पुढं शाळेत गेली. पण दर फाल्गुनात नवी पोरं फुलं घेऊन वाघुरापाशी यायचीच.

यंदाच्या फाल्गुनात बाईंचं नोकरीचं वय भरलं. लेक भूमला दिलेली, तिच्याकडं निघाल्या. निरोपाला लिंबाखाली सगळी जमली. बायकांनी बाईंची ओटी भरली, तेव्हा सगळ्यांना हसू आलं आणि मग कुणालाच येईना. जाताना माझ्यापाशी थांबल्या. "आबा, नवी बाई येईस्तवर पोरांचं फूल चुकवू नका."

मी म्हणालो, "म्या काय अंगणवाडीचा शिपाई हाय व्हय?"

"न्हाय ना. म्हणून तर तुम्हाला सांगितलं." हसल्या, आणि फाट्यावर जाऊन एसटीत बसल्या. मी हातसुद्धा वर केला न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळसाखाली गेलो. एकेका पोराचं तोंड आठवत एकेक फूल उचललं आणि धोतराच्या सोग्यात बांधलं. अंगणवाडीत मदतनीस पोरगी झाडत होती, ती बघतच राहिली. पोरं ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या हातावर फूल ठेवलं.

एक बारकी म्हणाली, "आबा, तुमच्याकडं एक उरलंय."

"व्हय," मी म्हणालो. ते बाईंच्या खुर्चीवर ठेवलं. "चला उठा. कोकरं वाट बघत्यात."