मागच्या दारचे तीन प्रश्न

सायखेड्यात माझ्या सासूबाई बायकांच्या न सांगता येणाऱ्या दुखण्यांवर औषध देतात. अंगावरून पांढरं जात असेल तर तांदळाच्या धुवणातून लोध्राची पूड, लाल जास्त जात असेल तर उंबराच्या सालीचा काढा. आलेली बाई मागच्या दारात त्यांच्याकडे पाठ करून बसते. तोंडावर लाज वाटते, पाठमोरं बसलं की सगळं बाहेर पडतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या तीनच प्रश्न विचारतात. कधीपासून? किती? पाळी गेली का? पाळी गेली असेल आणि तरी लाल जात असेल, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "याला माझं औषध नाय. उद्याच दवाखाना गाठ." कितीही गयावया करा, चिमूटभर देत नाहीत. मी शिकलेली सून, आधी नाक मुरडायचे. पण पाळी गेल्यावर लाल जाणं कॅन्सरचं लक्षण असू शकतं, हे हेरणाऱ्या या तिसऱ्या प्रश्नानं मला गप्प केलं.

परवाच्या द्राक्षछाटणीत बांधावरच्या उंबराची साल ताजी सोललेली दिसली. आठवडाभर तर मागच्या दारी कुणी फिरकलं नव्हतं. घरी आले तर चुलीवर काढा उकळत होता.

"कुणासाठी?"

"शेजारणीसाठी."

शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आणि सासूबाईंची पाळी मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेली. मला भीती वाटली की रागच येतो. मी पातेलं खाली उतरवलं.

"मागच्या दारात बसा."

"येडी झाली का?"

"बसा. पाठ करून."

काय वाटलं कोण जाणे, बसल्या.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"किती?"

"लुगडं खराब व्हतं."

दोन महिने! या बाईनं गावाला शहाणपण वाटलं आणि स्वतः चुलीपुढं लपून काढा पीत बसली. मला ओरडायचं होतं.

"विचार की," त्या म्हणाल्या. "तिसरं राह्यलं."

विचारलं.

त्यांनी अंगणाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "याला माझं औषध नाय. उद्याच..."

"उद्या नाही, आत्ता. निफाडचा दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो."

मी गाडीची किल्ली शोधेपर्यंत त्यांनी स्वतःच पातेलं उचललं, सगळा काढा मोरीत ओतला आणि पदर खोचून म्हणाल्या, "चल."