अर्जातलं नाव

"कोरं सोडायचं न्हाय, म्याडम. कोरं दिसलं की तपासणाऱ्याचा हात आखडतो."

पेपर हातात पडण्याआधी मावशी दोन्ही तळहातांनी बाक पुसायच्या, चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तसा, आणि हे म्हणायच्या. त्या नोकरीला होत्या त्या दवाखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचा परीक्षेचा वर्ग तुम्हीही कधी पाहिला असेल. हवालदार, अंगणवाडीताई, कुर्डुवाडीहून पहाटेची गाडी धरून आलेले रेल्वेवाले, सगळे पोट आत घेऊन बाकात शिरत असतात. सोलापुरातला एप्रिल आणि डोक्यावरचा पंखा बंद. मी एका शाळेच्या कचेरीत लिपिक होते. पदवी मिळाली तर मुख्य लिपिक होणार, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसले होते. काय काय न्यायचं त्याची यादी मी पाकिटावर चिकटवली होती. शेजारच्या बाकावरून मावशींनी ती वाचून काढली.

"पाणीबी लिवलंय? तहान लागल्यावर आठवंलच की!"

त्या दिवशी इतिहासाचा पेपर होता. सुटल्यावर मी विचारलं, कसा गेला?

"अशोकावर प्रश्न न्हवता. तरी लिवला. माणूस मोठा हाय, कुटंबी बसतोय."

मी हसले, त्याही हसल्या. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या तेव्हा त्यांची कंबर माझ्या लक्षात आली.

मावशी सरकारी दवाखान्यात आया होत्या. वय बावन्न. पेशंट खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून खाटेवर, हेच पंचवीस वर्षं. मणका सरकलाय असं त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पदवी असली तर शिपाई-आयांमधून लिपिकाची जागा मिळत होती. खुर्ची, टेबल, केसपेपरची नोंद. दोनच विषय राहिले होते, इतिहास आणि इंग्रजी, आणि त्यांच्या नोंदणीची मुदत याच परीक्षेला संपत होती. पुन्हा नाव घालायचं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. इथवर यायलाच त्यांना सात-आठ वर्षं लागली होती; तोवर निवृत्तीच आली असती.

"ह्या बारीला न्हाय झालं तर मरूस्तवर उचलायचंच," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. ड्युटीची पाळी सांगावी तसं सांगितलं.

इंग्रजीच्या पेपरला मध्ये चार दिवस होते. मी लगेच कामाला लागले. पत्राचा प्रश्न हमखास येतो, त्याला पाठांतर लागत नाही, मांडणी लागते. मी कागदावर मुद्दे उतरवले : डावीकडे कुणाला ते, मग विषय, मग कारण, मग विनंती, शेवटी आभार आणि खाली नाव. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून रोज दुपारी अर्धा तास मी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतले. पोस्टमास्तरांना, नगरपालिकेला, कुणाकुणाला. पत्र दर वेळी कारणापाशी अडायचं.

"पोस्टमास्तरला काय सांगू वो? माझं काय पत्रच येत न्हाय."

"मावशी, जे आपलं आहे ते लिहायचं. मग अडत नाही."

हे वाक्य माझं. ते मला नीट आठवतं.

पेपरला प्रश्न आला : कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांना रजेसाठी विनंती अर्ज लिहा. मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "एकदाबी अडलं न्हाय. अर्धं पान उरलं हुतं, त्येबी भरलं!"

निकालात माझ्या नावापुढे द्वितीय श्रेणी. त्यांचा इतिहास सुटला होता आणि इंग्रजीपुढे राखीव लिहिलेलं, म्हणजे निकाल रोखून धरलेला. पंधरा दिवसांनी त्यांना गैरप्रकार समितीपुढे बोलावलं. मी रजा टाकून सोबत गेले. आत त्या एकट्याच गेल्या.

त्यांनी अर्जाखाली स्वतःचं नाव घातलं होतं. वॉर्ड, हुद्दा, राहत्या घराचा पत्ता, सगळं खरं. आणि उरलेल्या अर्ध्या पानात लिहिलं होतं की ही शेवटची संधी आहे, पास झाले तर टेबलाचं काम मिळेल, कृपा करावी. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं काही लिहिणं हा गैरप्रकार. परीक्षकाला विनवणी करणं हाही. अर्जात नाव काल्पनिक घालायचं असतं हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. माझ्या कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. इतकं उघड होतं की लिहावंसं वाटलंच नाही.

"एक साहेब चांगला हुता," बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. "म्हनला, बाई, हे नाव मनानंच घातलंय ना? दोनदा इचारलं."

"मग?"

"मग काय? म्हनलं न्हाय साहेब, माझंच हाय. घर नंबरासकट."

"हो म्हणायचं होतं ना मावशी!"

"दुसऱ्याच्या नावानं रजा मागितली तर कोन देतंय, म्याडम?"

मी तिथेच सांगून टाकलं की चूक माझी आहे, मी तो मुद्दा द्यायला हवा होता. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं, इंजेक्शन दिल्यावर लेकराला थोपटतात तसं. "तसं न्हाय वो. साहेब म्हनला, अर्जात एक बी चूक न्हाय. माझ्या पेपरात आजवर असं कुनी म्हनलं न्हवतं."

तो पेपर रद्द झाला. मुदत संपलेलीच होती.

मी मुख्य लिपिक झाले. मावशींना सांगायला जायचं हे काम मी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर दीड वर्ष उतरवत राहिले.

शेवटी गेले ती सासूबाईंना घेऊन. न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचर घेऊन मावशीच आल्या. साडीवरून कमरेला रुंद पट्टा आवळलेला, चेहरा निम्मा झालेला.

"आज्जी, घाबरायचं न्हाय," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तुमच्या सूनबाईनं मला अर्ज लिवायला शिकवला. लई हुशार बाई."

लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावर रॅम्पच्या चढावरून न्यायचं होतं. अर्ध्यावर मावशी थांबल्या. स्ट्रेचर मागं घसरू नये म्हणून पाठ लावून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. मी हात लावायला पुढे झाले.

"सोडा म्याडम. सवय न्हाय तुमाला, एका अंगाला जाईल."

त्यांनी श्वास घेतला, वळल्या, दांडीला दोन्ही हात लावले आणि सासूबाईंना वर नेऊ लागल्या. मी फाइल छातीशी धरून मागून चालत राहिले.